पकडगाठ सकाळी धरते, दुपारी सरकते: दोरावर झाड चढणाऱ्यांसाठी समस्या निवारण

सकाळच्या पहिल्या चढाईला गाठ घट्ट धरते. हात सोडला की माणूस जागच्या जागी. जेवण उरकून पुन्हा दोरावर बसलो की गाठ तीच, दोर तोच, आणि बसताक्षणी वीतभर खाली. मग धरते. पुढच्या खेपेला हातभर. गेल्या दोन उन्हाळ्यांत मी हे स्वतः अनुभवलं, आणि आमच्याबरोबर काम करणाऱ्या तिघांनी हीच तक्रार केली. तिघांचंही पहिलं उत्तर एकच होतं: एक वेढा वाढवू. माझंही तेच होतं. त्याने काम होत नाही, उलट नवं संकट उभं राहतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पकडगाठ म्हणजे चढायच्या दोरावर बारीक दोरीने बांधलेली, ओढ बसली की पकडणारी आणि वरून हाताने दाबली की सोडणारी गाठ. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली छापून प्रसिद्ध केलेली प्रुसिक आपल्यातल्या बहुतेकांची पहिली गाठ, कारण दोरावर झाडं चढणारे आपण बरेचजण सह्याद्रीतल्या कड्यांवरूनच इकडे आलो. पण कड्यावर प्रुसिक बहुतेक वेळा राखीव असते. काही बिघडलं तर धरेल, एवढंच तिचं काम. झाडावर पकडगाठ दिवसभर राबते. शंभर वेळा वर सरकवायची, शंभर वेळा तिच्यावर बसायचं, फांदीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं. कड्यावरची सहा मिलिमीटरची दोरी आणि कड्यावरची सवय दोन्ही इथे अपुऱ्या पडतात. आम्ही साडेअकरा ते तेरा मिलिमीटरच्या दोरावर आठ किंवा दहा मिलिमीटरची दोरी वापरतो.

आधी तक्रार नीट ओळखा

“गाठ बिघडली” एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. बसल्यावर गाठ सरकत राहते आणि थांबतच नाही, ही एक तक्रार. बसल्यावर थोडी सरकून मग धरते, ही वेगळी. धरते पण मग सुटत नाही, ही तिसरी. आणि वर चढताना गाठ दोराबरोबर मागे येत नाही, खाली ढील साठत जाते, ही चौथी. पहिली दिसली की त्याच क्षणी दुसऱ्या पट्ट्याने स्वतःला खोडाला बांधून घ्यायचं आणि त्या गाठीवरचं काम बंद करायचं. तिथे विचार करायला जागा नाही. बाकी तिन्हींचा शोध घेता येतो. मी इथे मुख्यतः दुसरीबद्दल लिहितोय, कारण तीच फसवी आहे. शेवटी धरतेय ना, म्हणून माणूस काम रेटत राहतो.

पहिली नजर वर, दोर जिथून वळतो तिथे

पुण्यात रस्त्याकडेच्या एका जुन्या पर्जन्यवृक्षावर आम्ही काम करत होतो. सकाळी दोर सरळ बेचक्यातून टाकला होता. दुपारी वरची जागा मोकळी झाली, म्हणून अँकर (दोर वर अडकवायची जागा) उंचावर नेला, आणि सालीला इजा होऊ नये म्हणून पट्टा आणि पुली लावली. चांगलंच केलं. पण त्यानंतर गाठ सरकायला लागली, आणि आम्ही अर्धा तास गाठीकडेच बघत बसलो.

हिशेब साधा आहे. समजा माणूस आणि साहित्य मिळून ८० किलो. फिरत्या दोराच्या पद्धतीत दोर वरून वळून पुन्हा आपल्याकडे येतो आणि हे वजन दोन पदरांवर पडतं: एक पदर हार्नेसला (अंगावरच्या पट्ट्याला) बांधलेला, दुसऱ्यावर गाठ. दोर सालीवरून वळतो तेव्हा तिथेही घर्षण होतं, आणि खाली येताना ते घर्षण गाठीच्या बाजूने काम करतं. साल आणि दोर यांच्यातला घर्षणगुणांक ०.३ धरला, तर अर्ध्या वेढ्यात दोन पदरांच्या ताणाचं प्रमाण साधारण अडीचपट होतं. म्हणजे हार्नेसच्या पदरावर ५८ किलोच्या आसपास आणि गाठीवर जेमतेम २२. पुली लावली की सालीचं घर्षण गेलं. आता दोन्हीकडे जवळपास ४०-४०. गाठीवरचा भार जवळजवळ दुप्पट झाला, आणि गाठ मात्र सकाळचीच. खरबरीत सालीवर हा फरक आणखी मोठा असतो.

म्हणून सकाळ-दुपारचा फरक पडला की मी आधी विचारतो, दोर कुठून वळतोय? सकाळी कुठून वळत होता? बेचक्यात बसवलेली गाठ पुलीवर पुन्हा बसवावी लागते, आणि उलटही तितकंच खरं. पुलीवर छान चालणारी गाठ बेचक्यावर गेली की सुटायला जड जाते. त्यात दुपारी कंबरेला करवत लटकलेली असते. इंधन-तेलासकट चार-पाच किलो सहज. घामाने भिजलेले कपडे, खिशातल्या पाचरी, पाण्याची बाटली, सगळं वजन गाठीला कळतं.

फणसाची गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत कौलांवर झुकलेला फणस होता. पावसाआधी त्याच्या तीन जाड फांद्या हलक्या करायच्या होत्या. पहिल्या दिवशी दुपारनंतर गाठ सरकायला लागली. अँकर बदललेला नव्हता, वजन तेच. मी ठरवून टाकलं की उन्हाने दोरी तापली असणार. संध्याकाळी राखीव दोरी काढली, पाचाचे सहा वेढे केले आणि निश्चिंत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा मीटरवर गाठ अशी आवळली की सुटेना. दोन्ही हातांनी दाबली, हलली नाही. शेवटी पट्टा फांदीला टाकला, एका खुंटावर पाय रोवून गाठीवरचा भार काढला आणि बोटांनी एकेक वेढा सैल केला. दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत खाली उभा असलेला आमचा सर्वांत लहान गडी सारखा विचारत होता, “दादा, काय झालं? दोर देऊ का दुसरा?” वेढे पुन्हा पाच केले. गाठ छान चालली. जेवणानंतर पुन्हा वीतभर सरकली.

त्या संध्याकाळी पडवीत दोन्ही दोऱ्या मांडीवर घेऊन बसलो. गाठीतला वेढ्यांखालचा वेणीसारखा गुंफलेला भाग सोडवला, तर आतल्या बाजूला रंग गडद झालेला, बोटाला किंचित गुळगुळीत. दोरी नाकाशी नेली आणि खोबरेल तेलाचा वास आला.

फणस कापताना हाताला तेल लावायचं हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. पहिल्या दिवशी चिकाने आमचे हात माखले होते, म्हणून घरच्या काकूंनी जेवणानंतर वाटी पुढे केली होती: “लावून घ्या हो, नाहीतर चीक सुटायचा नाही.” दोन्ही दिवस जेवून हात धुतले, तेल चोळलं आणि त्याच हातांनी गाठ दाबत वर गेलो. प्रत्येक वेळी गाठ सोडताना तेल वेढ्यांत जात होतं. सकाळी हात कोरडे, गाठ धरते. दुपारी हात तेलाचे, गाठ सरकते. उन्हाचा काही संबंध नव्हता.

तेव्हापासून चढणाऱ्याच्या हाताला तेल नाही. पातळ रबरी थर असलेले हातमोजे, बस. खालच्या माणसांनी तेल लावलं तर त्यांनी दोराला हात लावायचा नाही, फांद्या ओढायच्या. हाच नियम करवतीच्या साखळीच्या तेलालाही लागू आहे. करवत जिथे कंबरेला लटकते, तिच्या शेजारूनच दोराची ढील जाते, हे एकदा लक्ष देऊन बघा.

आणि फणस, वड, आंबा यांचा चीक दोराला लागला तर त्याचा त्रास उलटा. आधी गाठ चिकटते, ढील साठते. चीक वाळला की त्या जागी कडक, गुळगुळीत पट्टा तयार होतो आणि गाठ नेमकी तिथेच निसटते. रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीही दोराला लावू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि सावलीत वाळवणं. त्या दिवशीच्या दोन दोऱ्या मी धुतल्या नाहीत, टाकून दिल्या. दोरी स्वस्त आहे. मोठा दोर मात्र दोनदा धुतला.

दोरी हातात घेऊन बघा

वर काही बदललं नाही, हातही स्वच्छ आहेत, तरी गाठ सरकते? मग गाठ पूर्ण सोडवा. बांधलेल्या गाठीकडे बघून काही कळत नाही, कारण घासणारी बाजू आतच असते. दोरी इंच-इंच वाकवत बोटांतून न्या. चांगली दोरी कुठेही सारखीच वाकते. कुठे कडक लागली, वाकवताना बारीक कडकड आली, पृष्ठभाग काचेसारखा चमकला, तर तो भाग तापून वितळला आणि पुन्हा थिजला आहे. असा भाग धरत नाही. ती दोरी संपली.

हे उन्हाने होत नाही, भरभर खाली येण्याने होतं. आमच्यातला एकजण उंच निलगिरीवरून एका दमात खाली यायचा, आणि त्याची दोरी महिन्यात चमकायची. नायलॉनचा एक नेहमीचा प्रकार २२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, पॉलिएस्टर २५० ते २६० च्या दरम्यान. हे आकडे मोठे वाटतात, पण गाठीच्या आत घासणारी जागा जेमतेम काही सेंटिमीटरची असते आणि खाली येताना सगळी उष्णता तिथेच तयार होते. डायनीमा (एक कृत्रिम धागा) तर १५० च्याही आत वितळतं आणि मुळातच निसरडं असतं. ते ओढायला कितीही मजबूत असलं तरी पकडगाठीसाठी नको. अरामिड या कृत्रिम धाग्याचं आवरण असलेल्या दोऱ्या उष्णता सोसायलाच बनवतात. अरामिड वितळत नाही, फार वरच्या तापमानाला करपतं. ब्लेक नावाच्या पकडगाठीत घर्षण थोड्याशा जागेत एकवटतं, म्हणून तिच्यावर लांबची उतराई मी टाळतो. व्हीटी या वेणीच्या पकडगाठीत ते वेढ्यांवर आणि वेणीवर वाटलं जातं.

नवा दोर हेही एक कारण आहे, पटकन सांगतो. कोऱ्या दोराच्या आवरणावर कारखान्यातला निसरडेपणा असतो. पहिल्या वापराआधी तो पाण्यात भिजवून, धुवून, सावलीत वाळवा आणि जमिनीलगत दोन-तीन दिवस वापरा. जुन्या दोरावर बसवलेली गाठ कोऱ्या दोरावर सरळ वर नेऊ नका.

तपासणी गुडघ्याएवढ्या उंचीवर

कुठलाही बदल केला की गाठ आधी जमिनीलगत तपासायची. पाय जमिनीपासून वीतभर सुटतील एवढंच वर. दोराच्या खालच्या टोकाला अडवणारी गाठ मारलेली हवी, आणि पट्टा खोडाला. अँकर मात्र खऱ्या कामाचाच हवा. पार्किंगमधल्या लोखंडी खांबाला दोर बांधून तपासलेली गाठ फांदीवर तशीच वागत नाही.

गाठ बांधून झाली की आधी नीट बसवा: वेढे एकमेकांना चिकटलेले, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही, मग खाली जोराचा हिसका. आता गाठीच्या लगेच वर दोराला कपडे वाळवायचा चिमटा लावा. साधा प्लास्टिकचा. हळू बसा, हात सोडा. चिमटा आणि गाठ यांच्यात जेवढी फट पडली तेवढी गाठ सरकली. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा हे फार बरं, कारण घाबरलेल्या माणसाला चार बोटं हातभर वाटतात आणि सवयीच्या माणसाला हातभर चार बोटं वाटतात. मिनिटभर बसून राहा. फट वाढत गेली तर ती गाठ वर जाणार नाही. नाही वाढली, तर दोन-तीनदा अंग टाकून बसा.

मग थोडं वर चढा, गाठ दाबून मीटरभर खाली या आणि हात एकदम काढा. किती अंतरात धरते? आम्ही चार बोटांपर्यंत मान्य करतो. त्यापुढे नाही. हे दहा वेळा. पहिल्या तीन वेळा सगळ्याच गाठी शहाण्यासारख्या वागतात, सातव्या-आठव्या वेळी खरं कळतं. शेवटी करवत, बाटली, सगळं अंगावर घेऊन पुन्हा एकदा. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात. फणसावरच्या त्या सकाळी मी ही पंधरा मिनिटं दिली असती, तर सहावा वेढा जमिनीवरच आवळला असता.

काय बदलायचं, आणि एका वेळी एकच

व्हीटी गाठीत वर वेढे असतात, खाली वेणी. वेढे पकड देतात. धरायला उशीर होत असेल तर बहुतेकजण वेढा वाढवतात. मी आधी दोरीची लांबी बघतो. दोन्ही टोकांच्या डोळ्यांपासून (फाशांपासून) गाठीपर्यंतचे पाय लांब असतील तर गाठ बसायला तेवढं अंतर घेते, आणि ते सरकल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात गाठ दोरावरून सरकलेलीच नसते, तिचे पाय ताणले जात असतात. चिमटा इथे खरं सांगतो: फट नाही, पण आपण खाली आलो. अशा वेळी आखूड दोरी घ्या, किंवा वेणीचा एक पेड वाढवून लांबी खाऊन टाका.

फट खरोखर पडत असेल, तरच वेढा वाढवा. एकच. आणि पुन्हा दहा वेळा तपासा. डिस्टेल या आणखी एका पकडगाठीतही वरचे वेढे चाराचे पाच करता येतात. गाठ आवळून बसत असेल तर उलट जा: एक वेढा कमी, किंवा किंचित जाड दोरी. बारीक दोरी दोरात रुतते, जाड दोरी लवकर सुटते. ब्लेक गाठीत मात्र असा फेरफार करू नका. तिचे चार वेढे आणि खालच्या दोन वेढ्यांखालून गेलेलं शेपूट हेच तिचं रूप. शेपटाच्या टोकाला अडवणारी गाठ हवीच. तिथे तक्रार आली तर वेढे मोजा आणि दोरी बदला.

ढील साठत असेल तर चूक बहुतेकदा गाठीच्या खालच्या पुलीत सापडते. पुली गाठीला सरळ खालून ढकलत नसेल, तिरकी बसली असेल, तर गाठ मागे येणारच नाही.

एकपदरी दोर आणि यांत्रिक साधनं

वरचा २२ आणि ४० किलोचा हिशेब आठवत असेल, तर एकपदरी पद्धतीत काय होतं ते लगेच कळेल: दोर वर पक्का बांधलेला, सगळे ८० किलो गाठीवर. नुसत्या पकडगाठीने इथे उतरायचंच नाही. ती इतकी आवळते की सुटत नाही, आणि सुटली की एकदम सुटते. म्हणून रोप रेंचसारखं साधन गाठीच्या वर बसवतात. ते दोराला वळण देऊन भाराचा काही भाग स्वतः घेतं. “रेंच लावला तरी गाठ आवळते” ही तक्रार आली की मी रेंच आणि हार्नेस यांना जोडणारी दोरी बघतो. ती ताठ हवी. मऊ पडली की रेंच कलंडून गाठीवर टेकतो, दोराला वळण मिळत नाही आणि सगळा भार पुन्हा गाठीवर येतो. ताठ जोडणी बदलली की नव्वद टक्के वेळा एवढ्यावर भागतं, असा माझा अनुभव.

पूर्ण यांत्रिक साधनांचं निदान सोपं, पण दुरुस्ती आपल्या हातात नाही. साधनावर कोरलेली दोराच्या जाडीची मर्यादा बघा. जुना दोर फुगलेला असतो, आणि पाऊस-मातीने आणखी. दोर जिथून घासत जातो तिथे बोट फिरवा. धार किंवा खाच लागली तर साधन कामातून गेलं. सांध्यांत चीक आणि भुसा साठून कड्या उशिरा हलत असतील तर धुवा. काहींना घर्षण कमी-जास्त करायची सोय असते, तीही एका वेळी एक खूण बदलून आणि पुन्हा गुडघ्याएवढ्या उंचीवर तपासून. कानस मारणं, कडी वाकवणं, दुसऱ्या साधनाचा भाग बसवणं हे कधीही नाही.

पाऊस लागला की

नायलॉन पाणी शोषतं. भिजून वाळलेली नायलॉनची दोरी आटते आणि ताठ होते, त्यामुळे मे महिन्यात लांबी मोजून घेतलेली गाठ जुलैत वेगळी वागते. पॉलिएस्टरमध्ये हे फार कमी. त्याहून मोठा त्रास सालीवरच्या शेवाळाचा. दोर ओल्या बेचक्यातून दिवसभर फिरला की त्याच्यावर हिरवट बुळबुळीत थर चढतो, आणि तोच थर गाठीखालून जातो. जून लागला की आमच्या साहित्यात पाण्याची बादली वाढते. जमिनीलगतची तपासणी एकदा कोरड्या दोरावर, एकदा गाठीवर तांब्याभर पाणी ओतून. दोन्ही वेळा चिमट्यापासूनची फट वहीत लिहायची: तारीख, दोर, दोरी, वेढे, अँकर बेचक्याचा की पुलीचा, फट किती. पुढच्या वेळी कुणी “दादा, दुपारपासून सरकतेय” म्हणालं की गाठीला हात लावायच्या आधी ती वही उघडतो, आणि मग त्याचे तळहात बघतो.